कांद्याच्या पापुद्र्यापासून यीस्टपर्यंत: पेशी बघायची आणि तिला कामाला लावायची रीत

पुस्तकातल्या पेशीच्या आकृतीत सगळं एकदम मांडलेलं असतं. केंद्रक (न्यूक्लियस), तंतुकणिका, गॉल्जी पिंड, रायबोसोम, प्रत्येकाला वेगळा रंग आणि शेजारी नाव. ती आकृती डोक्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की पहिल्या पाच मिनिटांतच हिरमोड होतो. कांद्याच्या पापुद्र्यात नुसत्या लांबट चौकटी दिसतात, फार तर प्रत्येकीत एक ठिपका.

यात चूक ना तुमची, ना कांद्याची. चांगल्यात चांगला प्रकाश-सूक्ष्मदर्शकही ०.२ मायक्रोमीटरपेक्षा (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही, आणि शाळेतला त्याहून थोडा कमीच पडतो. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारा कण, असतो २० ते ३० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग), म्हणजे या हद्दीच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा. पेशीपटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची, जाडी तर जेमतेम ७-८ नॅनोमीटर. आकृतीतला बराचसा तपशील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून आलेला आहे. तो शाळेच्या टेबलावर शोधण्यात वेळ घालवू नये.

पण जे दिसत नाही त्याचं काम मात्र दिसतं. मीठ घातलं की पटलाचं काम उघड होतं, गरम केलं की ते बंद पडतं, रंग घातला की जिवंत कोण आणि मेलेलं कोण ते कळतं. खालचे प्रयोग याच हिशोबाने लावले आहेत. इंदूरच्या बहुतेक शाळांत नववीला पेशीचा धडा हिंदी किंवा इंग्रजीतून होतो, त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी वर्गातला शब्द गरजेपुरता सोबत दिला आहे.

सामान

काचेच्या स्लाइड ७५ × २५ मिमीच्या, कव्हरस्लिप, म्हणजे वरून झाकायच्या पातळ काचा, १८ किंवा २२ मिमीच्या चौकोनी. इंदूरच्या दवा बाजारात सर्जिकल आणि पॅथॉलॉजीचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत दोन्ही मागता येतात. कव्हरस्लिपची पूर्ण डबी घ्यावी, कारण ती सर्वांत जास्त फुटते. चिमटा, ड्रॉपर, नवं ब्लेड, टिश्यू पेपर. ब्लेडचं काम मोठ्यांनी करावं.

रंग दोन पुरेत. पहिला आयोडीन. मेडिकलमधलं पोव्हिडोन-आयोडीन पाण्यात चहासारख्या रंगाचं होईपर्यंत पातळ केलं तरी चालतं, पण शाळेतलं आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण मिळालं तर केंद्रकं जास्त स्वच्छ उठतात. दुसरा मिथिलीन ब्लू. मासे विकणाऱ्या दुकानांत तो माशांचं औषध म्हणून मिळतो. बाटलीवर किती टक्के ते बघा आणि पातळ करून ०.१ टक्क्यावर आणा. गडद रंग म्हणजे चांगला रंग, असं नवशिक्याला वाटतं. प्रत्यक्षात गडद रंगात सगळंच निळं होतं आणि बघण्यासारखं काही उरत नाही. आणि हो, हा रंग फरशीवरून आणि बोटांवरून सहज जात नाही, तेव्हा खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा.

पाण्याचंही बघावं लागतं. बोरिंगचं पाणी जड असतं. थेंब सुकायला लागला की कडेने क्षारांचे पांढरे स्फटिक धरतात आणि तेच पेशींचे भाग समजून काढले जातात. आरओचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा.

सूक्ष्मदर्शक विकत घ्यायची घाई नको. ४, १० आणि ४० पटींचे ऑब्जेक्टिव्ह (वस्तूजवळचं भिंग) आणि १० पटींचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) असलेला शाळेतला सूक्ष्मदर्शक या लेखातल्या जवळजवळ सगळ्याला पुरतो. दुकानदार १००० पटींचा आग्रह करतात, पण १०० पटींचं भिंग तेलाशिवाय चालत नाही आणि पहिल्या वर्षी ते बहुधा नुसतं खराब होतं. कागदाचा फोल्डस्कोप साधारण १४० पट मोठं दाखवतो. त्यात कांद्याच्या पेशी आणि केंद्रकं दिसतात, यीस्ट मात्र ठिपक्यांपलीकडे जात नाही.

भिंग लावताना

सुरुवात नेहमी ४ पटींच्या ऑब्जेक्टिव्हने. बाजूने बघत स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायचा मंच, भिंगाच्या जवळ आणा, मग आयपीसमधून बघत कोर्स नॉबने, म्हणजे मोठ्या गोल बटणाने, स्टेज दूर न्या. उलट केलंत, म्हणजे आयपीसमधून बघत जवळ आणत गेलात, तर कधीतरी काच फुटणारच. चित्र आलं की हवी ती पेशी मध्यभागी आणा आणि मगच १० वर जा, तिथून ४० वर. ४० वर कोर्स नॉबला हात लावायचा नाही, फक्त फाइन नॉब, म्हणजे लहान बटण.

काहीच दिसत नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच असतं, प्रकाश फार. न रंगवलेली पेशी जवळजवळ पारदर्शक असते आणि भरपूर उजेडात ती पार पुसली जाते. स्टेजखालचा प्रकाश कमी-जास्त करणारा डायफ्रॅम निम्म्याहून जास्त बंद करा. कडा लगेच उठून येतात. ही एक गोष्ट हाताला लागली की निम्म्या अडचणी मिटतात.

१० वर स्पष्ट असलेलं चित्र ४० वर अजिबात येत नसेल तर स्लाइड उलटी ठेवली आहे का बघा. ४० पटींच्या भिंगाला वस्तूपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जागा लागते आणि स्लाइडची काच स्वतःच एक मिलिमीटर जाड असते. कव्हरस्लिप खाली गेली की भिंग वस्तूपर्यंत पोचूच शकत नाही. कव्हरस्लिपशिवाय ४० लावलं तर भिंगाला पाणी आणि रंग लागतो, आणि पुढच्या सगळ्या स्लाइड धूसर दिसतात.

कांदा

लाल कांदा घ्या, मालव्यात त्याची कमतरता नाही. उभे चार भाग करा आणि एक मांसल पदर वेगळा काढा. या पदराला दोन पापुद्रे असतात. आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा बिनरंगी आणि सहज सुटणारा. बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा आणि जरा हट्टी. पहिल्या दिवशी आतला घ्या.

पदर बाहेरच्या बाजूला वाकवून मोडा. मोडलेल्या कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा लोंबतो, तो चिमट्याने हळू ओढा. ५ मिमीचा चौकोन पुरेसा आहे. तो लगेच स्लाइडवरच्या पाण्याच्या थेंबात टाका. हवेत तो गुंडाळला जातो, आणि इंदूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तर बघता बघता. सुईने सरळ करा. दुमडलेल्या जागी दोन थर एकावर एक येतात आणि नुसती जाळी दिसते.

कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडा, सपाट टाकू नका. तरीही बुडबुडे येतातच. जाड काळी कड असलेला अगदी गोल आकार म्हणजे हवा. पहिल्या स्लाइडवर 'पेशी सापडली' म्हणून जे दाखवलं जातं ते बहुधा हेच. हलकं दाबून तो सरकतो का बघा. पेशी शेजारणींना चिकटलेल्या असतात, एकट्या सरकत नाहीत.

आता रंग न घालता १० वर बघा. लांबट पेशी, साधारण २५० ते ४०० मायक्रोमीटर लांब. त्यांच्यामधली दुहेरी दिसणारी रेघ म्हणजे पेशीभित्तिका, म्हणजे वर्गातली सेल वॉल. ती सेल्युलोजची असते आणि पेशी मेली तरी तशीच राहते. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात जे पाहिलं ते हेच, रिकाम्या भिंती. ४० वर, डायफ्रॅम बंद करून, एखादी पेशी दोन-तीन मिनिटं नेटाने बघितली तर बारीक कण भिंतीच्या कडेने किंवा पातळ दोऱ्यांवरून सरकताना दिसतात. या दोऱ्या पेशीद्रवाच्या, वर्गातल्या सायटोप्लाझमच्या. पेशीच्या मधली मोठी रिकामी वाटणारी जागा रिकामी नसते. ती रिक्तिका, वर्गातला व्हॅक्यूओल. पेशीचा बहुतेक भाग तिनेच व्यापलेला असतो आणि केंद्रकाला ती कडेला ढकलते.

मग आयोडीन. कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टिश्यूचा तुकडा टेकवा. टिश्यू पाणी ओढून घेतो आणि रंग आपोआप खाली शिरतो, कव्हरस्लिप उचलावी लागत नाही. ही युक्ती पुढे पुन्हा पुन्हा लागेल. दोन मिनिटांत केंद्रकं पिवळट-तपकिरी होतात. नीट बघितलं तर केंद्रकाच्या आत एक-दोन जास्त दाट ठिपके दिसतात, ती केंद्रकी. रायबोसोमचे भाग तिथे जुळतात. स्वतः रायबोसोम दिसत नाही, पण त्याचा कारखाना दिसतो.

काही पेशींत केंद्रक दिसत नाही म्हणून घाबरू नका. ते वरच्या किंवा खालच्या पातळीवर असतं. फाइन नॉब थोडा फिरवा. पेशी सपाट चित्र नाही, तिला जाडी आहे, हे इथेच पटतं.

मुलं हमखास दोन गोष्टी विचारतात. कांदा वनस्पती असून हिरवे कण का नाहीत? कारण हा पदर उजेडापासून दूर वाढला, इथे हरितलवक तयारच झाले नाहीत. आणि आयोडीन घालूनही निळं-काळं का होत नाही? कारण कांदा आपलं अन्न मुख्यतः शर्करा आणि फ्रुक्टनच्या रूपात साठवतो, स्टार्चच्या नाही. स्लाइडवर निळे-काळे दाणे दिसलेच, तर ब्लेड आधी बटाट्यावर चाललं होतं का ते आठवा.

मीठ: पटल कामाला लावण्याचा प्रयोग

एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा. यासाठी लाल कांद्याच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा हवा. तो नीट सुटत नाही. ब्लेडने ५ मिमीचा चौकोन वरवर आखा आणि एक कोपरा चिमट्याने धरून ओढा. खालचा गर थोडा चिकटून आला तर कडेचा पातळ भाग बघा. कांदा फिका असेल तर बागेतला ऱ्होओ, म्हणजे पानांची खालची बाजू जांभळी असलेलं ते शोभेचं झाड, त्याहून सोपं पडतं. पानाच्या खालच्या बाजूचा पापुद्रा घ्या.

मिठाची तीन द्रावणं करा. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम, २ ग्रॅम आणि ५ ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा मीठ साधारण ५-६ ग्रॅम भरतं, पण साधा वजनकाटा असेल तर तोच वापरा. आधी पाण्यातली स्लाइड बघा. जांभळा रंग पेशी कडेपर्यंत भरून असतो. मग ५ टक्क्यांचं द्रावण टिश्यूच्या युक्तीने खाली ओढा आणि डोळा काढू नका.

एक ते तीन मिनिटांत कोपऱ्यांतून रंग मागे हटायला लागतो. आतला जांभळा गोळा आक्रसतो, जास्त गडद होतो आणि भिंत मात्र जागच्या जागी उभी राहते. याला रससंकोच म्हणतात, वर्गात प्लाझ्मोलिसिस. आता नीट विचार करा, कारण इथे एकाच चित्रात चार गोष्टी आहेत.

भिंत हलली नाही, म्हणजे आकार धरून ठेवणं तिचं काम. भिंत आणि गोळा यांच्यामध्ये जी बिनरंगी जागा झाली तिथे काय आहे? हवा किंवा पोकळी नाही, मिठाचं पाणी आहे. म्हणजे भिंतीतून मीठ आरपार जातं, ती कोणाला अडवत नाही. गोळ्याच्या कडेशी मात्र मीठ अडलं आणि आतलं पाणी बाहेर आलं. तिथे कुठलीतरी निवड करणारी हद्द आहे. ती रेघ इतकी पातळ की भिंगाला दिसत नाही, पण हद्द कुठे आहे ते रंगाने दाखवलं. हेच पेशीपटल, आणि त्याच्या आत रिक्तिकेचं स्वतःचं पटल. चौथी गोष्ट रंगाची. पाणी गेलं, रंग आतच राहिला, म्हणून गडद झाला.

आता टिश्यूने मिठाचं पाणी काढत दुसऱ्या कडेने साधं पाणी सोडा, दोन-तीन वेळा. बऱ्याच पेशी पुन्हा फुगून भिंतीला टेकतात. फार वेळ मिठात ठेवलेल्या काही पेशी परत येत नाहीत, रंग अचानक सांडतो. ते पटल फाटलं. म्हणून परतीचा भाग पाच मिनिटांच्या आत करा.

१ टक्क्याच्या द्रावणात बहुधा काही घडत नाही, २ टक्क्यांत बहुतेक पेशींच्या कडा सुटलेल्या दिसतात. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पेशीच्या आतल्या रसाची संहती, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, असते. १.२, १.४, १.६ अशी द्रावणं करून निम्म्या पेशी कुठे सुटतात ते मोजलं तर तो आकडा तुमच्या कांद्याचा असतो. दुसऱ्या कांद्याचा वेगळा येईल, आणि तो यायलाच हवा.

शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी गाळतात, पण तो गाळला तर प्रयोग अर्धाच राहतो. जांभळ्या पापुद्र्याचा एक तुकडा ७०-८० अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा आणि मग त्याला ५ टक्के मीठ द्या. रससंकोच होत नाही, रंग आधीच फिका पडून बाहेर पसरलेला असतो. भिंती तशाच उभ्या आहेत, पटल मेलं. म्हणजे निवड करणारी हद्द भिंत नव्हती हे सिद्ध झालं.

कापलेल्या काकडीवर मीठ घातलं की पाणी का सुटतं आणि सुकलेली मेथी पाण्यात ठेवली की परत का ताठ होते, दोन्हींची उत्तरं याच स्लाइडवर आहेत.

गालाच्या आतल्या पेशी

आधी दोनदा चूळ भरा. सकाळच्या पोह्यांनंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात पेशींपेक्षा स्टार्चचे कण आणि हळद जास्त असते. स्वच्छ इअरबडने स्वतःच्याच गालाच्या आतून हलकेच दहा वेळा घासा, रक्त येईल इतकं जोरात नाही. ०.९ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात फिरवा, त्यात ०.१ टक्का मिथिलीन ब्लूचा छोटा थेंब, एक मिनिट, मग कव्हरस्लिप.

सपाट, वेड्यावाकड्या कडांच्या, ५० ते ८० मायक्रोमीटरच्या पेशी दिसतात, काही दुमडलेल्या. भिंत नाही म्हणून ठरलेला आकार नाही. केंद्रक गडद निळं, कारण या रंगाचा भार धन आणि डीएनएचा ऋण. भोवतीचा पेशीद्रव फिका निळा होतो, त्यात रायबोसोमच्या आरएनएचा वाटा आहे. पेशीवर चिकटलेले अगदी बारीक निळे ठिपके म्हणजे तोंडातले जिवाणू. त्यांना तंतुकणिका म्हणून नाव देऊ नका.

इअरबड आणि स्लाइड कपड्यांच्या ब्लीचच्या एकास नऊ पाणी अशा मिश्रणात १५ मिनिटं बुडवून मग टाका किंवा धुवा. एकाचा नमुना दुसऱ्याने हाताळायचा नाही. रक्ताची स्लाइड घरी करूच नका, ते काम प्रयोगशाळेचं.

हायड्रिला: पेशीच्या आतली वाहतूक

हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती मत्स्यालयाच्या दुकानातून आणा. इंदूरच्या सिरपूर तलावातून उपटू नका. २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, आणि नसतं तरी दोन फांद्यांसाठी तलावात उतरायची गरज नाही. फांदी दुकानातल्याच पाण्यात ठेवा. नळाचं पाणी वापरायचं तर एक रात्र उघडं ठेवून, कारण क्लोरीनने ही झाडं मंदावतात.

शेंड्याजवळचं कोवळं पान तोडून सपाट ठेवा. हायड्रिलाचं पान जेमतेम दोन थर पेशींचं असतं, त्यामुळे कापावं लागत नाही. स्लाइड १०-१५ मिनिटं दिव्याजवळ ठेवा, तापणार नाही इतकी दूर. पान तोडल्याबरोबर बघितलं तर सगळं थांबलेलं असतं आणि 'काही हलत नाही' म्हणून स्लाइड फेकली जाते. थांबा. मध्यशिरेजवळच्या लांबट पेशी ४० वर धरा.

हिरवे कण, प्रत्येकी साधारण ५ मायक्रोमीटरचे, भिंतीच्या कडेने एका दिशेने फिरत राहतात. हे हरितलवक. ते स्वतः पोहत नाहीत. पेशीद्रवात ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. त्यांवरून मायोसिन ही प्रथिनं पेशीतली अंगकं, म्हणजे हरितलवकांसारखे आतले भाग, ओढत चालतात, आणि त्यासोबत सगळा द्रव वाहू लागतो. त्याला ऊर्जा लागते, म्हणजे एटीपी हा पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू लागतो. ते पडताळायचं तर दुसरं पान पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून लगेच बघा. गती जवळजवळ थांबलेली असते. स्लाइड खोलीच्या तापमानाला आली की पुन्हा सुरू होते. इंदूरच्या डिसेंबरातल्या सकाळी प्रयोग फसतो तो अनेकदा नुसत्या थंडीने.

व्हिडिओ काढायचा तर मोबाइल आयपीसला धरून हात थरथरतो, साधा होल्डर बसवा. काही सेकंदांच्या व्हिडिओवर एका कणाचा प्रवास मोजून वेग काढता येतो, तो सेकंदाला काही मायक्रोमीटर येतो.

यीस्ट आणि निळा रंग

१०० मिली कोमट पाणी, ३५ ते ४० अंश, त्यात एक चमचा साखर आणि अर्धा चमचा बेकरीचं कोरडं यीस्ट. अर्ध्या-पाऊण तासात फेस येतो. एक थेंब दहा पट पातळ करा, नाहीतर पेशींची गर्दी होऊन एकही धड दिसत नाही. ४० वर अंडाकृती पेशी, साधारण ५ ते ८ मायक्रोमीटर, काहींना कडेला लहान कळी फुटलेली. हे त्यांचं विभाजन.

आता पातळ यीस्टमध्ये तितकाच ०.०२ टक्के मिथिलीन ब्लू मिसळा आणि दोन ते पाच मिनिटांनी बघा. जिवंत पेशी बिनरंगी, मेलेल्या निळ्या. जिवंत पेशीत रंग जात नाही असं नाही. जो जातो त्याला तिची विकरं, म्हणजे वर्गातली एन्झाइम, इलेक्ट्रॉन देऊन बिनरंगी करतात, तेच इलेक्ट्रॉन जे साखर मोडताना सुटतात. मेलेल्या पेशीचं पटलही गेलेलं आणि विकरंही थंड, म्हणून ती निळीच राहते. १०० पेशी मोजा, निळ्या किती ते टक्केवारीत मांडा. मग तेच यीस्ट पाच मिनिटं उकळून, गार करून पुन्हा करा. जवळजवळ सगळ्या निळ्या येतात. दहा-पंधरा मिनिटांहून जास्त वेळ रंगात ठेवलं तर जिवंतही निळ्या व्हायला लागतात, कारण हा रंग विषारी आहे. मोजणी वेळेत संपवा.

साखरेतली ऊर्जा एटीपीत आणण्याचं बरंचसं काम तंतुकणिकांचं, वर्गातल्या माइटोकॉन्ड्रियाचं. ते आकृतीत नाव लिहून जितकं कळतं त्याहून या निळ्या-बिनरंगी फरकातून जास्त कळतं. फक्त एक सावधानता: यीस्ट फेसाळत असताना बरीच साखर तंतुकणिकांशिवाय, पेशीद्रवातच मोडली जात असते. म्हणून 'बिनरंगी म्हणजे तंतुकणिका दिसल्या' असं प्रयोगाच्या फाइलमध्ये लिहू नका. त्या रंगवून दाखवायला जेनस ग्रीन बी लागतो, आणि ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत करावं.

भिंगाशिवाय दोन

हायड्रोजन पेरॉक्साइड मेडिकलमध्ये ६ टक्क्यांचं मिळतं. तितकंच पाणी घालून ३ टक्के करा. हातमोजे घाला, कातडी पांढरी पडून झोंबते. कच्च्या बटाट्याचा १ सेंमीचा तुकडा टाका, फेस येतो. किसलेला टाका, फेस कितीतरी जास्त, कारण जास्त पेशी फुटल्या. उकडलेला टाका, काही नाही. कॅटॅलेझ हे विकर पेरॉक्साइड मोडून ऑक्सिजन सोडतं. पेशीत ते पेरॉक्सिसोम नावाच्या बारीक पिशव्यांत असतं. उकडल्यावर प्रथिनाची घडी मोडते आणि काम संपतं. याच कच्च्या बटाट्याचा खरवडा आयोडीनशिवाय भिंगाखाली बघून घ्या. स्टार्चचे दाणे शिंपल्यासारख्या वलयांचे दिसतात.

बीटचे १ सेंमीचे तुकडे धुतलेलं पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, कारण कापलेल्या पेशींचा रंग तसाही गळतो. मग ३०, ५०, ६० आणि ७० अंशांच्या पाण्यात एकेक तुकडा एक मिनिट आणि नंतर साध्या पाण्यात दहा मिनिटं. ३० ला पाणी जवळजवळ स्वच्छ, ७० ला गडद लाल. कांद्यात जे पटल मिठाने दाखवलं तेच इथे उष्णतेने मोडलं.

केळ्यातून डीएनए काढण्याचा प्रयोग फार लोकप्रिय आहे. करायला हरकत नाही, पण अल्कोहोलमध्ये वर येणाऱ्या त्या ढगात डीएनएबरोबर पेक्टिन, म्हणजे पेशीभित्तिकेतला चिकट पदार्थ, हेही भरपूर असतं. 'हा शुद्ध डीएनए' म्हणणं जरा जास्तच होतं.

फाइलमध्ये काय लिहायचं

पेन्सिलने, दिसलं तेवढंच. कांद्याच्या आकृतीत गॉल्जी पिंड काढलेला असेल तर ती आकृती पुस्तकातून आली हे तपासणाऱ्याला एका नजरेत कळतं. आकृतीखाली रंग, द्रावण, वेळ आणि विशालन लिहा. विशालन म्हणजे आयपीस गुणिले ऑब्जेक्टिव्ह, १० × ४० = ४००.

त्याहून उपयोगी म्हणजे माप. ४ पटींवर पारदर्शक पट्टी ठेवून दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजा. आयपीसवर १८ असा क्षेत्रांक (फील्ड नंबर) लिहिलेला असेल तर व्यास १८ ÷ ४ = ४.५ मिमी येतो. १० वर तो १.८ मिमी, ४० वर ०.४५ मिमी. १० वर एका रेषेत कांद्याच्या सहा पेशी मावल्या तर एक पेशी ३०० मायक्रोमीटरची. हा आकडा लिहिलेली फाइल दहा रंगीत आकृत्यांच्या फाइलपेक्षा आम्ही वरची धरू.

यानंतर

पुढची पायरी कांद्याच्या मुळाच्या टोकाची, पेशीविभाजन बघण्यासाठी. कांदा बुडाशी पाण्याला जेमतेम टेकेल असा ग्लासवर बसवला की दोन-चार दिवसांत मुळं फुटतात. पण शेतातून नुकताच आलेला उन्हाळी कांदा काही आठवडे झोपलेला असतो, त्याला मुळं येत नाहीत आणि पाण्यात तो सडतो. पावसाळ्यात घरात आपोआप मोड आलेला कांदा घ्या. मुळाच्या टोकाचे १-२ मिमीच घ्या, त्याच्या वर विभाजन जवळपास नसतं. ते तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये स्थिर करून, हायड्रोक्लोरिक ॲसिडने मऊ करून ॲसिटोकार्मिनने रंगवायचं असतं. ही आम्लं घरी आणू नका. मुळं घरी वाढवा आणि बाकीचं शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर करा.